सहा आठवड्यांत पुराव्यांचा आढावा: घाई कुठे चालते, कुठे नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात

"उत्तर महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात अंगणवाडी पोषणाशी संबंधित कार्यालयात मी तांत्रिक सल्लागार म्हणून काम करते. आदिवासी भागातील बालकांना अमृत आहार योजनेतून अंडी मिळतात. बिगर आदिवासी तालुक्यांतील सात महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांनाही ती द्यावीत का, असा प्रस्ताव तयार होत आहे. वरिष्ठांनी 'जगभरातील अभ्यास पाहून' सहा आठवड्यांत टिपणी मागितली आहे. काम करायला मी आणि एक सहकारी अशा दोघीच आहोत. नियतकालिकांची वर्गणी आमच्याकडे नाही. पद्धतशीर आढाव्याला वर्ष-दीड वर्ष लागते, असे आम्हाला शिकवले गेले होते. मग सहा आठवड्यांतल्या या कामाला शास्त्रीय म्हणता येईल का? शिवाय वरिष्ठांचे मत अंड्यांच्या बाजूने आधीच ठरलेले दिसते. आमची टिपणी त्यावर केवळ शिक्का ठरेल, अशी भीती वाटते."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. पद्धतशीर आढावा म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या रीतीने शोधून, पारखून एकत्र मांडणे. पद्धतशीर आढाव्याला लागणाऱ्या वेळेबद्दल तुम्हाला जे शिकवले गेले ते खरेच आहे. नोंदणी झालेल्या १९५ आढाव्यांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नोंदणीपासून प्रकाशनापर्यंतचा सरासरी काळ ६७ आठवडे निघाला होता. मात्र अर्थसंकल्पी तरतुदीची फाईल ६७ आठवडे थांबत नाही आणि आढाव्याविना घेतलेला निर्णय अधिक शास्त्रीय होतो असेही नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये जलद आढाव्यांसाठी, म्हणजे हेच काम काही टप्पे आटोपशीर करून कमी वेळात करण्यासाठी, मार्गदर्शिका काढली. आरोग्यविषयक अभ्यासांचे आढावे काढणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेत याच कामाची कार्यपद्धती ठरवणारा स्वतंत्र गट २०१५ पासून आहे आणि त्याच्या सूचना २०२४ मध्ये सुधारित स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाल्या आहेत. आढावा शास्त्रीय ठरतो तो दोन गोष्टींमुळे: तुम्ही जे केले ते दुसऱ्या कोणाला तसेच्या तसे पुन्हा करून पाहता आले पाहिजे, आणि वेळेअभावी जे केले नाही ते कागदावर स्पष्ट दिसले पाहिजे. घाई लपवली की आढाव्याचे मोल संपते, ती उघडपणे नोंदवली की वाचणाऱ्याला निष्कर्षावर किती भार टाकायचा हे ठरवता येते. माझे पुढचे सगळे सांगणे या एका मुद्द्याभोवती आहे.

सुरुवात प्रश्नापासून करा आणि त्यावर पहिले दोन-तीन दिवस खर्च करायला कचरू नका. "अंडी द्यावीत का" या वाक्यात किमान चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. अंड्यांमुळे मुलांची उंची वाढते का, हा एक. आहारातील प्रथिने व इतर पोषकद्रव्ये वाढतात का, हा दुसरा. रक्तक्षय कमी होतो का, हा तिसरा. आणि अंगणवाडीमार्फत दिलेले अंडे प्रत्यक्षात त्याच मुलाच्या पोटात जाते का, हा चौथा. या चारही प्रश्नांचे पुरावे वेगळ्या प्रकारच्या अभ्यासांत सापडतात आणि त्यांची उत्तरे एकाच दिशेने जातील याची शाश्वती नाही. म्हणून वरिष्ठांकडे अर्धा तास मागून घ्या आणि विचारा की या टिपणीवरून नेमके काय ठरणार आहे: अंडी सुरू करायची की नाही हे, की आठवड्यातून दोन द्यायची की चार हे, की अंड्याऐवजी दुसरा पदार्थ चालेल का हे. त्यांचे उत्तर ऐकून वय, प्रमाण, कालावधी, तुलना कशाशी आणि मोजायचा परिणाम कोणता, हे एका पानावर लिहा व त्यांच्याकडून मान्य करून घ्या. वेळ वाचवायची खरी जागा हीच आहे. प्रश्नाची रुंदी कमी करा. पुराव्याची पारख करण्यात काटछाट करू नका.

केळ्याचा मुद्दाही याच वेळी निकाली काढा. आपल्याकडे अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचा प्रघात आहे, आणि पर्याय असावा हे योग्यच आहे. परंतु पन्नास ग्रॅमच्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात, तर एका केळ्यातून जेमतेम एक ग्रॅम. त्यामुळे अंड्यांवरचा पुरावा केळ्याला लागू करता येणार नाही. प्रस्तावात "अंडी किंवा केळी" असे शब्द असतील, तर तुमच्या आढाव्याने त्यातल्या अर्ध्याच भागाचे उत्तर दिले आहे, हे टिपणीत नमूद झाले पाहिजे.

प्रश्न ठरल्यावर, एकही शोधनिबंध उघडण्यापूर्वी, कार्यपद्धतीचा आराखडा लिहून काढा. कोणते अभ्यास घेणार, कोणते वगळणार, कोणत्या वर्षापासूनचे, कोणत्या भाषांतले, कोणता परिणाम मुख्य मानणार, हे दोन पानांत मावते. प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत जलद आढाव्यांचीही नोंदणी विनामूल्य होते, मात्र ती अभ्यासांतून माहिती टिपायला सुरुवात करण्यापूर्वी व्हावी लागते. तेवढेही शक्य नसेल तर आराखड्यावर दिनांक घालून तो कार्यालयाच्या जावक नोंदीत घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी, म्हणजे वरिष्ठांच्या ठरलेल्या मताशी, या कागदाचा थेट संबंध आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

शोधाची सुरुवात मूळ अभ्यासांपासून करू नका, आधी झालेल्या पद्धतशीर आढाव्यांपासून करा. गेल्या पाच-सात वर्षांतला एखादा चांगला आढावा तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारा निघाला, तर त्याच्या शोध-दिनांकानंतरचे अभ्यास तेवढे शोधून त्यात भर घालणे हे दोघींना सहा आठवड्यांत नीट करता येण्याजोगे काम आहे. त्या आढाव्याची गुणवत्ता मात्र ॲमस्टार-२ सारख्या ठरलेल्या प्रश्नावलीने तपासून घ्या, कारण आढावा हे नाव लावलेला प्रत्येक लेख पद्धतशीर नसतो. पबमेड (वैद्यकीय शोधनिबंधांची सूची) आणि कोक्रेन ग्रंथालय यांत कोणालाही मोफत शोध घेता येतो. भारतातील चाचण्यांसाठी सीटीआरआय ही २००७ पासून सुरू असलेली नोंदवही अवश्य पाहा. तेथे नोंद झालेल्या पण निष्कर्ष कधीच प्रसिद्ध न झालेल्या चाचण्या दिसल्या, तर ती माहितीही टिपणीत यायला हवी, कारण अपेक्षित परिणाम न दिसलेले अभ्यास अप्रकाशित राहण्याची शक्यता अधिक असते. पूर्ण लेखांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना तीस मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके खुली झाली आहेत. तुमचे कार्यालय त्यात बसत नसले, तरी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या ग्रंथपालांना अधिकृत पत्र देऊन मदत मागा. शोधासाठी निवडलेले शब्दही त्यांच्या नजरेखालून घाला. शोधशब्दांत एखादा राहून गेला तर पुढची सारी मेहनत अपुऱ्या गठ्ठ्यावर होते आणि ती चूक नंतर कोणाच्याही लक्षात येत नाही.

तुम्ही दोघी आहात, ही जमेची बाजू आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या) प्रयोगात असे दिसले की, सारांश वाचून अभ्यास निवडण्याचे काम एकाच व्यक्तीने केले तर कामाचे सुमारे १३ टक्के अभ्यास हातून सुटले, तर दोघांनी स्वतंत्रपणे केल्यावर हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले. सगळे सारांश दोघींनी वाचायला वेळ पुरणार नाही. कोक्रेनच्या जलद आढाव्यांच्या २०२० सालच्या सूचनांनी यासाठी मध्यम मार्ग सुचवला होता. किमान २० टक्के सारांश दोघींनी स्वतंत्रपणे वाचावेत, मतभेद कुठे होतात ते पाहून निकष एकसारखे करून घ्यावेत, मग उरलेले एकीने वाचावेत आणि तिने बाद ठरवलेले दुसरीने पुन्हा पाहावेत. आकडे टिपण्याचे काम एकीने करावे आणि दुसरीने मूळ लेखाशी ताडून पाहावे. हे ताडून पाहणे कंटाळवाणे वाटले तरी सोडू नका. दशांश चिन्ह सरकल्यामुळे निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

आता तुमच्या विषयातल्या दोन अभ्यासांबद्दल सविस्तर लिहिते, कारण जलद आढाव्यातला सर्वांत मोठा धोका त्यांच्यात स्पष्ट दिसतो. इक्वाडोरमधील कोतोपाक्सी प्रांतात २०१५ मध्ये सहा ते नऊ महिने वयाच्या १६३ बाळांवर एक यादृच्छिक चाचणी झाली. निम्म्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वयानुसार लांबीचा निर्देशांक (बाळाची लांबी त्या वयाच्या अपेक्षित लांबीपासून किती दूर आहे हे सांगणारा आकडा) ०.६३ ने सुधारला आणि खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी लांबी असण्याचे, प्रमाण तुलनागटाच्या मानाने ४७ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा जगभर गाजला आणि तुमच्या वरिष्ठांच्याही कानावर आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. कोणी दोन दिवसांत आढावा उरकायचा ठरवला, तर त्याला प्रथम हाच अभ्यास सापडेल आणि तो तेथेच थांबेल.

परंतु दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, मलावीच्या मांगोची जिल्ह्यातील चाचणीचे निष्कर्ष आले. वय तेच, मात्रा तीच, कालावधी तोच. बाळे मात्र ६६०, म्हणजे चौपट. तेथे एकूण गटात लांबीवर काहीही परिणाम दिसला नाही. याचा अर्थ पहिला अभ्यास खोटा होता असा होत नाही. इक्वाडोरमध्ये सुरुवातीलाच ३८ टक्के बाळे खुजी होती, मलावीत सुमारे १४ टक्के. मांगोची हा मलावी सरोवराकाठचा भाग असल्याने तेथील बाळांच्या आहारात मासे आधीपासून होते, म्हणजे प्राणिज प्रथिनांची उणीव मुळातच कमी होती. पुढे इक्वाडोरमधील त्याच मुलांची दोन वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आधी दिसलेला लांबीचा फायदा टिकलेला आढळला नाही. अंडी थांबली आणि मूल ज्या घरात वाढत होते, तेथील बाकीचा आहार व आजारपणे तशीच राहिली, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

यावर तुमची टिपणी काय म्हणेल? दोन अभ्यासांची सरासरी काढून "मध्यम परिणाम" असे लिहिणे हा सोपा मार्ग आहे आणि तो चुकीचा आहे. तुम्हाला विचारायचे आहे ते असे की, आपले तालुके कोतोपाक्सीच्या जवळचे की मांगोचीच्या? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी आढळली, म्हणजे मुळातला भार इक्वाडोरच्या गटाजवळ जातो. मासे रोज खाणारी बाळे तुमच्या दुष्काळी तालुक्यांत फारशी नसतील. हे दोन्ही मुद्दे अंड्यांच्या बाजूचे आहेत. दुसरीकडे, त्याच सर्वेक्षणात राज्यातील २५.६ टक्के मुले लुकडी (उंचीच्या मानाने कमी वजनाची) आढळली, ही गोष्ट त्या दोन्ही ठिकाणांहून वेगळी आहे, आणि या दोन्ही चाचण्यांत संशोधकांच्या चमूने घरोघरी जाऊन अंडी पोचवली व खाण्यावर लक्ष ठेवले, ते आपल्या यंत्रणेला त्याच काटेकोरपणे जमेलच असे नाही. अशी तुलना मांडणे हेच पुराव्याचे स्थानिक वाचन आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणी करू शकणार नाही.

०.६३ या आकड्याकडे आणखी एका बाजूने पाहा. लहान मात्रेतील स्निग्धयुक्त पोषण पूरकांवरच्या (रोज थोडीशी भरवायची पौष्टिक पेस्ट) १४ चाचण्यांचे, ३७ हजारांहून अधिक मुलांचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खास वाढीसाठी बनवलेल्या त्या पूरकांनीही लांबीचा निर्देशांक सरासरी ०.१४ नेच सुधारला होता आणि खुजेपणा सुमारे १२ टक्क्यांनी घटला होता. एका लहान चाचणीत त्याच्या चौपटीहून मोठा परिणाम दिसतो, तेव्हा तो स्वीकारण्यापूर्वी थांबावे, हा सावधपणा तुमच्या टिपणीत दिसायला हवा.

म्हणूनच पुराव्याच्या खात्रीची पातळी ठरवण्याचे काम वेळेअभावी गाळू नका. ग्रेड पद्धतीत उच्च, मध्यम, कमी आणि अत्यंत कमी अशा चार पातळ्या आहेत. प्रत्येक मुख्य परिणामासाठी अभ्यासांची रचना, त्यांतील पूर्वग्रहाचा (निकाल एका बाजूला झुकवणाऱ्या त्रुटींचा) धोका, निष्कर्षांतील विसंगती, आकड्यांची अनिश्चितता आणि आपल्या प्रश्नाशी त्यांचे साम्य, हे पाहून पातळी लिहा आणि कारण एका वाक्यात द्या. परिणाम तीन-चारच ठेवले, तर हे काम आठवड्याभरात होते. माझा अंदाज विचाराल, तर तुमच्या हाती असे चित्र येईल: अंड्यांमुळे लहान बाळांच्या आहाराचा दर्जा व प्रथिने वाढतात, हे बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येईल, उंची वाढेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याची खात्री कमी आहे, रक्तक्षय कमी होईल अशी अपेक्षा ठेवायला फारसा आधार नाही, कारण अंड्यातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही आणि मलावीच्या चाचणीतही रक्तक्षयावर परिणाम दिसला नव्हता. हा अंदाज आहे, तुमचा निष्कर्ष तुमच्या शोधातूनच यायला हवा.

स्थानिक पुराव्यासाठी वेगळा विभाग ठेवा. अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागात बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडी देण्याची तरतूद अनेक वर्षे आहे. तेथील पुरवठ्याच्या नोंदी, खंड पडलेले महिने, अंड्याचा मंजूर दर आणि बाजारभाव यांतली तफावत, हे सगळे तुमच्या शेजारच्या तालुक्यांतच उपलब्ध आहे. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातील शाळांत अंडी देऊन मुलांच्या वाढीची तुलना अंडी न दिलेल्या जिल्ह्याशी केली गेली. ती उपयुक्त आहे, पण ती शाळकरी मुलांची आहे आणि जिल्हे चिठ्ठी टाकून निवडलेले नव्हते, या दोन्ही गोष्टी लिहा. तमिळनाडूचा शालेय भोजनातील दीर्घ अनुभव अंमलबजावणीसाठी पाहा, परिणामासाठी नव्हे. आणि तुमच्या दोन-तीन प्रकल्पांतील अंगणवाडी सेविकांशी जरूर बोला. तीन वर्षांखालील बालकांचा आहार घरपोच जातो. चार अंडी घरी गेली तर ती मोठ्या भावंडांत वाटली जातात का, उन्हाळ्यात टिकतात का, श्रावणात किंवा उपवासाच्या दिवसांत घरी शिजवली जातात का, याची उत्तरे कोणत्याही आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नाहीत. मात्र सेविकांचे म्हणणे परिणामाचा पुरावा म्हणून मांडू नका. ते अंमलबजावणीच्या शक्यतेबद्दलचे ज्ञान आहे आणि त्याच शीर्षकाखाली ते अत्यंत मोलाचे आहे.

खर्चाचाही परिच्छेद असू द्या. शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे देणे राज्याने सुरू केले आणि २०२५ च्या प्रारंभी त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला, हे आपण पाहिले आहे. जो प्रस्ताव दोन अर्थसंकल्पांत टिकत नाही त्याचा मुलांना होणारा लाभही तेवढाच अल्पायुषी असतो. म्हणून एका मुलामागे वर्षाला किती खर्च येईल आणि तोच पैसा दुसऱ्या कशावर लावता येईल, हे निदान ढोबळमानाने मांडा. ज्या अभ्यासांवर विसंबता त्यांना पैसा कोणी दिला तेही तपासून नोंदवा. पोषणाच्या क्षेत्रात उत्पादकांच्या निधीतून झालेले संशोधन बरेच आहे आणि ते वाचताना निष्कर्षाची भाषा आकड्यांपेक्षा पुढे गेली आहे का हे पाहावे लागते.

आता वरिष्ठांच्या मताबद्दल. एखाद्या अधिकाऱ्याला मुलांना अंडी द्यावीशी वाटणे यात गैर काही नाही, ती आस्थाच आहे. तुमचे काम त्यांचे मत बदलणे हे नाही आणि सजवणे हेही नाही. शोधापूर्वी मान्य झालेला प्रश्न व आराखडा तुमच्या हातात असेल, तर नंतर "हा अभ्यास कशाला घेतला" किंवा "मलावीचे इथे काय काम" असे विचारले गेल्यावर तुम्हाला वाद घालावा लागत नाही. निकष आधीच ठरले होते आणि त्यांनी ते पाहिले होते, एवढे दाखवले की पुरते. वरिष्ठांना वाईट बातमी शेवटच्या दिवशी देऊ नका. चौथ्या आठवड्यात, आकडे हाती आल्यावर, मलावीबद्दल तोंडी सांगा. त्याच वेळी त्यांच्यापुढे एक मार्गही ठेवा: प्रस्तावाचे समर्थन "खुजेपणा निम्म्यावर येईल" या वाक्यावर उभे न करता "बाळांच्या आहारातील प्राणिज प्रथिनांची उणीव भरून निघेल" या वाक्यावर उभे करावे. पहिले वाक्य दोन वर्षांनी मोजणी झाल्यावर योजनेच्याच अंगलट येईल आणि तेव्हा अंडी बंद करायला तेच कारण पुरेल. दुसरे वाक्य पुराव्याला धरून आहे. योजना टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांना हा फरक समजतो, असा माझा विश्वास आहे.

लिहिताना पहिल्या पानावर केवळ उत्तर आणि त्याची खात्री-पातळी द्या, पुढच्या तीन पानांत सारांश आणि उरलेले सारे पंचवीस पानांत, असा एक रूढ आकृतिबंध कॅनडातील आरोग्यसेवा संशोधनातून आला आहे. तो आपल्या फाईल-पद्धतीलाही छान बसतो, कारण सचिवालयात बहुधा पहिलेच पान वाचले जाते. त्या पहिल्याच पानावर, तळटिपेत न दडवता, चार-पाच वाक्यांत लिहा की शोध कोणत्या दिनांकापर्यंतचा आहे, कोणत्या संग्रहांत घेतला, कोणत्या भाषांपुरता मर्यादित होता, किती सारांश एकाच व्यक्तीने वाचले आणि कोणते परिणाम तपासलेच नाहीत. पाचवा आठवडा संपताना हा मसुदा वैद्यकीय महाविद्यालयातील जनऔषधवैद्यकशास्त्र (सार्वजनिक आरोग्य) विभागातील एखाद्या प्राध्यापकांना वाचायला द्या आणि त्यांच्या शेऱ्यांसाठी तीन दिवस मोकळे ठेवा. टिपणी सादर करताना शोधशब्दांची यादी, वगळलेल्या अभ्यासांची कारणे आणि आकड्यांचा तक्ता सोबत जोडा. वर्षभराने नवी चाचणी प्रसिद्ध झाली आणि तुमची बदली झालेली असली, तरी तुमच्या जागी आलेल्या व्यक्तीला ते काम त्याच ठिकाणापासून पुढे नेता येईल.